जर्दाळूचा रस्ता: कारगिलला जावे तर कसे?

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु सुक्या मेव्याच्या धंद्यातील आपल्या बांधवांनी या दहा-अकरा दिवसांचा हिशोब पुढील चार-पाच वर्षांसाठी मांडून पाहिला आहे काय? २०२५ साली रमजान मार्चच्या आरंभी लागला. २०३० साली तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लागेल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा लागेल. चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडेतिकडे. घाऊक बाजारातील रमजानची खरेदी महिना-दीड महिना आधी होते. तेव्हा जो माल २०२५ साली जानेवारीपर्यंत मुंबईत पोहोचला तरी चालत होता, तो २०३० साली नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आपल्या गोदामात असावा लागेल.

खजुराला याची चिंता नाही, तो समुद्रमार्गे येतो. चिंता आहे ती डोंगरातून येणाऱ्या मालाची, आणि त्यातही कारगिलच्या जर्दाळूची. लडाखमध्ये जर्दाळू जुलै-ऑगस्टमध्ये पिकतो. घरांच्या छपरांवर आणि खडकांवर उन्हात वाळवून माल विक्रीस तयार व्हायला सप्टेंबर उजाडतो. पुढे बर्फ पडू लागला की झोजीला घाटाचा भरवसा राहत नाही. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर असे जे चार महिने व्यापाऱ्याच्या हाती होते, ते रमजान अलीकडे सरकेल तसे दोनवर येणार आहेत. अशा वेळी कारगिलला कोणत्या वाटेने जावे, हा निव्वळ भाड्याचा प्रश्न उरत नाही. त्यावर अख्ख्या हंगामाची रोजी अवलंबून आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. व्यापाऱ्याने पहिल्या खेपेस लेहला विमानाने जाऊ नये आणि मनालीच्या वाटेनेही जाऊ नये. श्रीनगर गाठावे आणि तेथून झोजीलावरून मोटारीने कारगिलला जावे; कारण आपला माल ज्या रस्त्याने उतरणार, तो रस्ता आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असावा. हे अनेकांना पटणार नाही. "वेळ म्हणजेच पैसा, विमानाने गेलो की तीन दिवसांत काम फत्ते," असे म्हणणारे धंदेवाईक आम्हाला वारंवार भेटतात. त्यांच्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

प्रथम नकाशा समजून घ्यावा. कारगिल हे श्रीनगर आणि लेह या दोन शहरांच्या साधारण मध्यावर आहे. दोन्हीकडून अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. फाळणीपूर्वी येथून एक वाट स्कर्दूकडे जात असे. ती १९४७-४८ मध्ये तुटली. झंस्कारच्या पदुमकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. म्हणजे हे गाव मुळात चौरस्त्याचे, आणि चौरस्त्याच्या गावात व्यापारी जन्मतो. कारगिलमध्ये मुन्शी अजीज भट यांची जुनी सराय होती. श्रीनगर, लेह, यारकंद या वाटांवरचे काफिले तेथे उतरत. त्या सरायीतील मालाचे, हिशोबाच्या कागदांचे आणि घोड्यांच्या साजाचे संग्रहालय आज तेथे आहे. कारगिलला जाणाऱ्या प्रत्येक मुस्लिम व्यापाऱ्याने त्यासाठी तासभर अवश्य काढावा, अशी आमची शिफारस आहे. श्रीनगरहून लेहला पोहोचायला काफिल्याला सोळा मुक्काम लागत. आज आपण एक रात्र वाटेत काढावी लागली तरी कुरकुरतो!

जर्दाळूची बरीच गावे कारगिलच्या अंगाला, सिंधू नदीच्या खोऱ्यात बटालिक, दारचिक, गारकोन या बाजूला आहेत. लेह जिल्ह्यातही जर्दाळू भरपूर होतो. ज्याच्या बियांचा रंग पांढरा असतो आणि आतला मगजही गोड लागतो, त्या 'रक्त्से कार्पो' जातीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु मोठी खरेदी करणाऱ्याला कारगिल सोयीचे, कारण तेथून माल खाली उतरण्याचा रस्ता लेहपेक्षा दोनशे किलोमीटरने कमी आहे.

आता विमानाचे पाहू. कारगिलला धावपट्टी आहे, पण सर्वसाधारण प्रवासी विमानसेवा नाही. हिवाळ्यात घाट बंद झाला की अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाचे विमान जम्मू-श्रीनगरहून कारगिलला फेऱ्या करते. ती सोय स्थानिक लोकांसाठी आहे. व्यापाऱ्याने तिच्यावर डोळा ठेवू नये. राहिले लेह. दिल्लीहून लेहला सव्वा-दीड तासात विमान पोहोचते. दुपारनंतर तेथे जोराचे वारे सुटतात, म्हणून विमानांची ये-जा बहुधा सकाळी उरकली जाते. सकाळचे विमान रद्द झाले की तो दिवस गेलाच म्हणून समजावे. हवा विरळ असल्यामुळे उड्डाणाच्या वेळी वजनही बेताचेच ठेवावे लागते. तेव्हा "परतताना दहा गोण्या विमानातच टाकू" हा विचार मनातून काढून टाकावा. नमुन्याची एखादी पिशवी तेवढी आणता येते.

पण खरी अडचण याहून निराळी आहे. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. गंमत अशी की, ज्या झोजीला घाटाचे नाव ऐकून मुंबईकराच्या पोटात गोळा उठतो, त्याची उंचीही जवळपास तेवढीच आहे. घाटातून मोटार तासाभरात पलीकडे उतरते. लेहला मात्र माणूस त्या उंचीवर थेट जाऊन पडतो आणि तेथेच राहतो. मुंबईच्या समुद्रसपाटीवरून काही तासांत साडेअकरा हजार फूट म्हणजे शरीरावर जुलूमच आहे. डोके दुखणे, ओकाऱ्या, झोप न लागणे, धाप लागणे हे प्रकार धडधाकट तरुणालाही होतात. म्हणून विमानाने येणाऱ्याने पहिले एक-दोन दिवस अंथरुणावर पडून राहावे, असेच तेथील डॉक्टर सांगतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नये. मग "तीन दिवसांत काम फत्ते" या हिशोबात उरले काय?

आमच्या परिचयाचे मुंबईतील एक मेवा-व्यापारी असेच गेले. गुरुवारी सकाळी लेहला उतरले आणि त्याच दुपारी बाजारात हिंडले. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेऊन प्राणवायू द्यावा लागला. जुम्याची नमाजही त्यांना खोलीत पडून राहिल्याने मिळाली नाही, याची त्यांना आजही हळहळ वाटते. कारण लेहच्या भर बाजारातील सतराव्या शतकातील जामा मशिदीत ती अदा करायची असे ठरवून ते गेले होते. शनिवारी अंगात थोडे बळ आले तेव्हा परतीचे विमान दुसऱ्या दिवसावर आलेले. मग पहिल्या दुकानात जो माल दिसला, तो तेथल्या भावाने घेतला. पुढची कथा तर अधिक बोलकी आहे. माल ट्रकवर चढवताना गोण्यांवरील खुणा पाहून कळले की, त्यातला निम्मा जर्दाळू मुळात कारगिलकडूनच लेहला आलेला होता. आता तोच माल पुन्हा कारगिलवरून श्रीनगरकडे निघाला. एकाच रस्त्याचे भाडे दोनदा पडले, आणि मधल्या दलालाची अडतही! विमानामुळे त्यांचे चार दिवस वाचले असतील, पण नफा मात्र त्याच रस्त्यावर सांडला.

मनालीच्या वाटेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा त्रास गेला हे खरे. पण पुढे बारालाचा आणि तांगलांग हे घाट आहेतच. तांगलांग तर साडेसतरा हजार फुटांच्या घरात आहे. वाटेत रात्र काढायची ती सर्चूसारख्या चौदा हजार फुटांवरील तंबूत. मोटारसायकलवाल्या हौशी तरुणांना ही वाट मोठी प्रिय आहे. अल्लाह त्यांना सलामत ठेवो. लेहचा माल उन्हाळ्यात या वाटेने दिल्लीकडे उतरतो, तेवढ्यापुरता तिचा उपयोग आहे. कारगिलच्या खरेदीला ती आडवाट ठरते.

आता आम्ही सुचवीत असलेली वाट. श्रीनगरला जाण्याच्या सोयीत अलीकडे मोठा फरक पडला आहे. मुंबईहून विमानाने श्रीनगरला जाता येतेच, आणि श्रीनगरची उंची पाच हजार दोनशे फुटांच्या आसपास असल्याने तेथे उतरण्यात प्रकृतीला धोका नाही. ज्यांना रेल्वे परवडते त्यांनी जम्मू किंवा कटरा गाठावे. जून २०२५ मध्ये चिनाबवरील पुलासह कटरा ते श्रीनगर लोहमार्ग प्रवाशांना खुला झाला आणि सुमारे तीन तासांत माणूस काश्मीर खोऱ्यात पोहोचू लागला. पूर्वी जम्मूहून रामबन-बनिहालच्या रस्त्याने जाताना सारा दिवस खर्ची पडे, आणि दरड कोसळली तर दोन-दोन रात्री मोटारीत काढाव्या लागत. मात्र श्रीनगरचे स्थानक शहराबाहेर नौगामला आहे. तेथून लाल चौकाकडे यायला रिक्षा-टॅक्सीचा वेळ धरावा. प्रीपेड मोबाइल तेथे चालत नाही, पोस्टपेड चालतो. भाव विचारायला मुंबईला फोन लागत नाही म्हणून सौदा हातचा गेला, असे होऊ नये एवढ्यासाठी ही गोष्ट निघण्यापूर्वीच पाहावी.

श्रीनगरला एक रात्र मुक्काम करावा. पर्यटक स्वागत केंद्रापासून सरकारी एस.टी. लेहकडे सुटते. ती पहिली रात्र कारगिललाच थांबते, त्यामुळे आपले काम तेवढ्यात होते. बस स्वस्त आहे, पण हळू. दुसरी सोय वाटून घेतलेल्या सुमोची. हे सुमोवाले पहाटे, पुष्कळदा फजरच्याही आधी निघतात. कारण झोजीलावर सारा कारभार वेळेच्या बंधनाचा आहे. वाहतूक पोलीस दररोज आदेश काढतात: कोणत्या दिशेच्या गाड्या कधी सोडायच्या, हलक्या किती वाजेपर्यंत, जड कधी. सोनमर्गचे फाटक पडण्याआधी पोहोचलात तर त्याच दिवशी कारगिल. नाही तर सोनमर्गला मुक्काम. म्हणून "सात वाजता निवांत निघू" म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्याला नम्रपणे नकार द्यावा, मग तो दोनशे रुपये कमी घेत असला तरी.

आम्ही स्वतः हा रस्ता सप्टेंबरमध्ये केला. १३ जानेवारी २०२५ रोजी सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून सोनमर्गपर्यंतचा भाग बारमाही झाला आहे. त्यापुढे बालटालनंतर मात्र रस्ता जुन्याच तोऱ्यात आहे. डावीकडे कडा, उजवीकडे दरी, समोर ट्रकांची रांग. आमच्यापुढे एक ट्रक धापा टाकीत थांबला आणि मागे पन्नास-साठ गाड्या थांबल्या. पाऊण तास खोळंबा झाला. सुमोतील इतर उतारू कंटाळले, पण आम्हाला तो पाऊण तास फार उपयोगी पडला. उतरून ट्रकवाल्यांशी बोललो. कोणाचा माल कोठे भिजतो, कोणता अड्डा हमालीत लुबाडतो, परतीच्या रिकाम्या ट्रकचे भाडे किती पडते, हे सारे तेथे चहाच्या टपरीवर कळले. लडाखला माल चढवणारे ट्रक परतताना बऱ्याचदा रिकामे असतात, ही गोष्ट लेहच्या विमानतळावर कोण सांगणार? परतीच्या गाडीशी सौदा जमला तर भाड्यात चांगलाच फरक पडतो.

शिवाय या वाटेने शरीरालाही सवय होते. कारगिल आठ हजार आठशे फुटांच्या आसपास आहे. पुढे लेहला जायचेच असेल तर दोन-तीन दिवस कारगिलला काढून नामिका आणि फोटू हे घाट ओलांडून जावे. खरेदीसाठी गावोगाव फिरताना श्रीनगरची टॅक्सी नेऊ नये. ती आपल्याला ठिकाणावर सोडू शकते, पण स्थानिक फिरण्याला तेथील टॅक्सी युनियनचीच गाडी करावी लागते. यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांचा हंगाम चार महिन्यांचा असतो. कारगिलची बहुसंख्य वस्ती शिया मुस्लिमांची आहे. मुहर्रम आणि चेहलुमच्या दिवसांत बाजार बंद असतात, तेव्हा उन्हाळ्यात जाणाऱ्याने तारखा पाहूनच निघावे. सध्या हे दिवस सप्टेंबरच्या आधी येऊन जातात, त्यामुळे जर्दाळूच्या खरेदीला त्यांची अडचण नाही.

माणूस पोहोचला, सौदा झाला. खरी परीक्षा यापुढे. कारगिलपासून मुंबई सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे आणि या रस्त्यात अडकण्याच्या दोन जागा आहेत: एक झोजीला, दुसरी श्रीनगर-जम्मू महामार्ग. पहिलीची सर्वांना भीती वाटते, दुसरीला सारे विसरतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीने उधमपूरजवळ महामार्गाची जी धूळधाण झाली, ती आठवावी. सफरचंदांनी भरलेले हजारो ट्रक कित्येक दिवस अडकून पडले, फळे जागीच सडली आणि बागाईतदारांनी निषेध म्हणून मंड्या बंद ठेवल्या. मुघल रोडवरून लहान ट्रक काढले गेले, पण त्या वाटेची ताकद ती किती! जम्मूच्या रेल्वेगाड्याही त्या दिवसांत रद्द झाल्या. उलट झोजीला २०२५ च्या हिवाळ्यात अवघे ३२ दिवस बंद राहिला आणि १ एप्रिलला उघडलासुद्धा. पूर्वी तो पाच-सहा महिने बंद असे. सीमा सडक संघटनेच्या कामगारांनी बर्फात उभे राहून केलेली ही करामत आहे. त्यांना दाद द्यावी तेवढी थोडीच.

म्हणून ताजा जर्दाळू मुंबईला आणण्याच्या भानगडीत लहान भांडवलाच्या माणसाने पडू नये. ते फळ दोन-तीन दिवसांचे पाहुणे. सुका जर्दाळू मात्र आठ-दहा दिवस अडकला तरी टिकतो, अट एवढीच की तो भिजता कामा नये. नुसत्या तागाच्या गोणीत भरलेला माल रामबनच्या पावसात ताडपत्रीखाली चार दिवस राहिला की दमट होतो, आणि मुंबईच्या हवेत त्याला बुरशी लागते. आत प्लॅस्टिकचे अस्तर असलेली पुठ्ठ्याची खोकी घ्यावीत. खर्च थोडा वाढतो, पण गोदामात रडण्याची पाळी येत नाही.

कागदपत्रांचीही एक गोम आहे. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते आणि त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी असते. अडीच हजार किलोमीटरला तेरा दिवस मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण घाटात तीन दिवस, रामबनला पाच दिवस, दिल्लीत माल उतरवून दुसऱ्या ट्रकवर चढवायला दोन दिवस गेले की मुदत संपते आणि पुढच्या नाक्यावर दंडाची टांगती तलवार. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, परंतु त्यासाठी ट्रान्सपोर्टवाला जागा असला पाहिजे. आमच्या एका स्नेह्यांच्या मालाबाबत ट्रान्सपोर्टवाल्याने दहा दिवसांचा वायदा केला, रस्ता बंद झाल्यावर फोन उचलणे सोडले, ना बिलाची मुदत वाढवली ना ट्रकचा ठावठिकाणा सांगितला. माल पोहोचला तो ईदचा चाँद दिसल्यानंतर. ज्या मालाला रमजानमध्ये गिऱ्हाईक रांग लावते, तोच शव्वालमध्ये तोट्यात काढावा लागला. त्यात एका बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कमही गुंतलेली होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मोठ्या पेढीला अशी एक खेप बुडाली तर ती ताळेबंदातील एक ओळ असते. लहान व्यापाऱ्याला ती दोन वर्षे उठू देत नाही.

येथे सरकारकडे एक रास्त मागणी करावीशी वाटते. महामार्ग बंद असल्याचे सरकारी यंत्रणाच जाहीर करते. मग त्या दिवसांपुरती त्या रस्त्यावरील मालाच्या ई-वे बिलाची मुदत आपोआप का वाढू नये? आपल्या व्यापारी संघटनांनी हा प्रश्न लावून धरावा. ही मागणी काही एका समाजाची नव्हे. सोपोरचा सफरचंदवाला आणि वाशीचा मेवेवाला दोघेही यात भरडले जातात.

रेल्वेने या बाबतीत आशा दाखवली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबहून सिमेंट घेऊन पहिली मालगाडी अनंतनागला पोहोचली आणि सप्टेंबरमध्ये बडगामहून दिल्लीच्या आदर्शनगरला सफरचंदांसाठी पार्सल गाडी सुटली. जर्दाळूवाल्यांनीही हंगामात बडगामला पार्सलची चौकशी करावी असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कारगिल ते श्रीनगर ट्रक, श्रीनगरच्या पुढे रेल्वे, अशी जोड जमली तर महामार्गाची धास्ती निम्म्याने कमी होईल. दिल्लीला माल बदलावा लागेल, हमाली पडेल. तरीही हिशोब करून पाहण्याजोगा आहे.

झोजीलाचा बोगदा झाला की सारे सुरळीत होईल, तोवर थांबू, असे म्हणणारेही आहेत. मे २०१८ मध्ये त्याची कोनशिला बसली. तेरा किलोमीटरहून लांब असा हा बोगदा पुरा होण्यास आता २०२८ साल सांगितले जाते, आणि याआधी सांगितलेल्या तारखा मागे पडलेल्या आहेत. तो होईल तेव्हा होवो, इन्शाअल्लाह. पण बोगदा झाला म्हणून रामबनची दरड थांबणार नाही, आणि आपली ओळख नसलेल्या गावात आपल्याला चांगला माल कोणी राखून ठेवणार नाही. ओळख आज करावी लागते.

कुरआनातील सूरह कुरैशमध्ये मक्केच्या व्यापाऱ्यांच्या हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या सफरीचा उल्लेख आहे, हे आपण नमाजमध्ये कितीदा तरी पढतो. हिवाळ्यात यमन, उन्हाळ्यात शाम. ऋतू पाहून वाट निवडणारे ते लोक होते, आणि त्या काफिल्यांत प्रत्येक जण स्वतः जात नसे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे पाय, या मुजारबतच्या पद्धतीने व्यापार चाले. आज एकट्याने कारगिलला जाऊन दहा-बारा गोण्या आणणे परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. मग एका शहरातील पाच-सहा व्यापाऱ्यांनी भांडवल एकत्र करून एका जाणत्या, सचोटीच्या माणसाला का पाठवू नये? त्याचा प्रवासखर्च सामाईक भांडवलातून, नफा ठरलेल्या हिश्श्याने. तोटा आल्यास भांडवल देणाऱ्यांचा पैसा जातो आणि जाणाऱ्याची मेहनत. अटी आधी मुफ्तीसाहेबांना विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. मग जाणाऱ्याच्या भाड्यात दोन-चार हजार इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही, अख्खा ट्रक भरतो आणि ट्रान्सपोर्टवाला फोनही उचलतो.

कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. पश्मिन्याच्या सुतासाठी लेहला जाण्याचा बेत काही जण करतात. ती लोकर चांगथांगच्या पठारावरील बकऱ्यांची, हे खरे. परंतु ती कातण्याचे आणि विणण्याचे पिढीजात काम श्रीनगरला चालते. ज्याला सूत किंवा शाल हवी त्याची सफर श्रीनगरलाच संपते. झोजीला त्याच्या वाटेत येतच नाही. दोन-चार किलोचा नमुना तर टपालाच्या पार्सलनेही येतो.

फोनवर फोटो पाहून माल मागवणारे अलीकडे पुष्कळ झाले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, विक्रेता पारखलेला असताना, तेही करावे. पहिल्या खेपेस नाही. फोटोत रंग दिसतो, ओल दिसत नाही.

यंदा ज्यांना जायचे आहे त्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कारगिलला असावे आणि परतीसाठी निदान चार दिवस मोकळे ठेवावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये लेहमध्ये हिंसाचारानंतर संचारबंदी लागली होती, आणि त्याच वर्षी मे महिन्यात श्रीनगर-लेहचे विमानतळ काही दिवस बंद होते. असे दिवस सांगून येत नाहीत. ट्रक भरल्यावर त्याच्याबरोबर, नाही तर त्याच्या मागोमाग, श्रीनगरपर्यंत उतरावे. बिल्टीची प्रत, ड्रायव्हरचा नंबर आणि ई-वे बिलाची तारीख खिशातल्या वहीत लिहून घ्यावी. आणि ट्रक सोनमर्ग सोडून खाली आल्याचा ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत श्रीनगरहून परतीचे तिकीट काढू नये.